उशिरा उठणारी बी

झाडापाल्याला तोंड होतं पण ते कधी मिटावं ही अक्कल नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. अनसूयाकाकूंनी परसात फुटक्या घागरीत गुलाबाची बी पेरली आणि शेजारच्या पाटीत मेथी.

मेथी लगेच उगवली आणि लागली बडबडायला. “ऊठ की गं म्हशी! किती लोळशील?”

“थंडी पडल्याशिवाय आमच्यात कुणी उठत नाही,” बी मातीतूनच म्हणाली.

“आमच्यात म्हणे! राहतेस फुटक्या घागरीत आणि तोरा बघा!”

बीनं कूस बदलली. पण एका सकाळी काकूंचा आवाज आला, “ही बी कुजली वाटतं. देते उकिरड्यावर ओतून.” बीला घाम फुटला. तिनं सगळा जोर लावला, पण टरफल काही फुटेना. घागर तिरकी झाली.

तेवढ्यात मेथी ओरडली, “काकू, त्या आळशीला काय बघता? मला बघा, कशी तरारलेय!”

काकूंनी बघितलं. घागर खाली ठेवली. “खरंच की गं! आज जावईबापू यायचेत.” आणि मेथी मुळासकट उपटून घरात नेली. थोड्या वेळानं लसणाची फोडणी पार मातीत बीपर्यंत दरवळली. जावयाच्या गडबडीत घागर राहिली ती राहिलीच.

थंडी पडली तशी बी आळोखेपिळोखे देत वर आली. बघते तो पाटीत नवी मेथी उभी.

“अय्या, आत्ता उठलीस?” मेथी फिदीफिदी हसली.

“हळू बोल बाई,” बी म्हणाली, “जावई परत आलाय.”