अळणीची पहिली वाटी

डोंगराच्या उतारावर, रानाला लागून, एक लहानशी वाडी होती. तिथे केरबा नावाचा शेतकरी राहत असे. रानडुक्कर शेतात शिरले, तर हा गडी नुसती काठी घेऊन त्याच्या अंगावर धावून जाई. पण घरात कोणी दोनदा शिंकले, की त्याची पाचावर धारण बसे. कोण कशाला भिईल, काही सांगता येत नाही.

एका वर्षी थंडी फार कडक पडली. तिच्या पाठोपाठ वाडीत खोकल्याचा ताप शिरला. म्हातारी माणसे तर गेलीच, पण काल लाकडे फोडणारी धडधाकट माणसेही अंथरुणाला खिळली. लोक ओट्यावर बसेनासे झाले. विहिरीवर बायका एकमेकींकडे पाठ करून पाणी ओढू लागल्या. सकाळी उठले, की जो तो आधी शेजाऱ्याच्या छपराकडे पाही. धूर दिसला, की समजायचे, त्या घरात माणसे जिवंत आहेत.

केरबाची बायको सुंद्रा तापाने फणफणली. अन्न तिच्या पोटात ठरेना. वाडीत अशा आजाऱ्याला एकच औषध ठाऊक होते, गावठी कोंबडीची अळणी. कोंबडी हळद, मीठ, आले, लसूण लावून हाडांसकट मंद आचेवर शिजवायची, आणि तिखट घालण्याआधी वरचा पातळ रस्सा काढून आजाऱ्याला पाजायचा. नाव अळणी, पण मीठ असतेच. नसते ती फक्त मिरची. मात्र या अळणीला एक रीत होती. कोंबडी कोणाच्याही घरी शिजो, तिची पहिली वाटी शेजारच्या आजाऱ्याला जायची, आणि मग घरच्यांनी घ्यायची.

केरबाच्या खुराड्यात एकच कोंबडी उरली होती. बाकीच्या मुंगसाने नेल्या होत्या. आणि भिंतीपलीकडे बायाक्का राहत होती. एकटी, म्हातारी, आणि तीही तापाने पडलेली. दोन्ही घरांना भिंत एकच होती, त्यामुळे तिचा खोकला केरबाला आपल्या घरात ऐकू येई. तो ऐकला, की त्याच्या अंगावर काटा येई.

केरबाने कोंबडी कापली आणि विचार करू लागला. एवढीशी कोंबडी, तिची अळणी होऊन होऊन किती होणार? त्यातली वाटी दिली आणि सुंद्राला कमी पडली तर? वाटी द्यायला गेलो आणि ताप माझ्याच अंगाला चिकटून आला तर? मग हिच्याकडे कोण बघणार? त्याने उठून दाराला कडी घातली. खिडकी लावली. दाराखालच्या फटीत घोंगडी सारली. एवढ्यानेही त्याचे समाधान होईना. वास छपरातून बाहेर जाईल, म्हणून त्याने धुराडेही पोत्याने बुजवून टाकले.

चूल पेटली. पातेल्यात रस्सा रटरटू लागला. गावठी कोंबडी ती, लवकर शिजते थोडीच. केरबा झाकणावर पाणी ठेवायचा, ते गरम झाले की रस्स्यात ओतायचा, आणि दाराकडे बघायचा. इतक्यात भिंतीवर धप् धप् आवाज झाला. पलीकडून बायाक्का भिंत बडवत होती. मध्येच खोकत होती, मध्येच काहीतरी पुटपुटत होती. केरबाला वाटले, हिला वास लागला. मागते आहे. तो श्वास रोखून चुलीपुढे बसून राहिला आणि मनात म्हणाला, थांब गं बाई, थांब एकदाची.

आणि आवाज थांबला. खोकलाही थांबला.

केरबाला आधी बरे वाटले. मग मात्र वाटेना. भिंतीपलीकडे काहीच हलत नव्हते. त्याने भिंतीला कान लावला, पण श्वासही ऐकू येईना.

तोवर घर धुराने भरून गेले होते. सुंद्राला ठसका लागला. तिचे डोळे पांढरे व्हायला लागले. तेव्हा कुठे केरबा भानावर आला. त्याने घोंगडी लाथेने उडवली, दार उघडले आणि बायकोला उचलून उंबऱ्यावर आणले. बऱ्याच वेळाने तिला श्वास घेता आला. त्याने वाटी भरून तिच्या तोंडाशी धरली.

सुंद्राने विचारले, "आक्काला दिलीसा का?"

"आधी तू घे. उरली तर देऊ."

"पयली वाटी आजवर कुनी घरात पिली न्हाई. माझ्यापास्नं सुरू करू नगासा," सुंद्रा म्हणाली, आणि तिने तोंड फिरवून घेतले.

केरबाने विनवले, रागावून पाहिले. ती ओठ उघडेना. पोटात काही गेले नाही, तर सुंद्रा संध्याकाळ काढणार नाही, हे त्याला दिसत होते. शेवटी तो वाटी घेऊन उठला. शेजारचे दार ते कितीसे लांब, पण केरबा वाटेत दोनदा थांबला. आता त्याला तापाची भीती वाटत नव्हती. आत काय दिसेल, याची वाटत होती.

दार नुसते लोटलेले होते. चूल थंड पडली होती. बायाक्का भिंतीकडे तोंड करून निजली होती. त्याने हाक मारली. उत्तर आले नाही. त्याने तिच्या पायाला हात लावला, तर तो गार. केरबा मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला.

तेवढ्यात तो पाय हलला. बायाक्काने मान वळवली.

"जित्ता हाईस व्हय रं?" ती म्हणाली. "दारातनं बघितलं, तर तुझ्या छपरातनं धूर निघंना. हाका मारल्या, भित बडवली. वाटलं, तुमी दोघंबी गेलासा. मग म्हनलं, आता कशाला उठायचं?"

केरबाला जमिनीने पोटात घ्यावे असे झाले. तो कसाबसा म्हणाला, "आक्का, धुराडं मीच बुजीवलं हुतं."

बायाक्काने तोंड उघडले आणि वाटीकडे बोट दाखवले. केरबाने तिला डोके धरून घोटघोट पाजले. मग घरी येऊन सुंद्राला पाजले. अळणी दोघींना पुरली.

पण केरबा ज्याला भीत होता, तेही झाले. पुढे त्याला ताप चढला. बायाक्काच्या घरात लागला, की सुंद्राच्या उशाशी, कोण सांगणार? तो अंथरुणात पडून थरथरत होता, आणि मरणाची भीती त्याच्या छातीवर बसली होती. खालच्या आळीतल्या कोणाच्या तरी घरी त्या दिवशी कोंबडी शिजली होती, आणि तिची पहिली वाटी केरबासाठी आली होती. सुंद्राने त्याचे डोके मांडीवर घेतले. बायाक्काने, अजून हात कापत असताना, वाटी त्याच्या ओठांना लावली. केरबाला भीती वाटतच होती. पण त्याने तोंड उघडले.

तात्पर्य: भीतीने लावलेल्या दारातून संकट आत येतेच, बाहेर अडकून राहतो तो शेजारी.