सावरखिंडीचा प्रश्न

एकदा एका राज्याच्या विधानसभेत, विरोधी बाकांच्या पहिल्या रांगेत, एक वृद्ध सदस्य बसत असत. राजकारणात येण्यापूर्वी ते शाळेत शिकवीत, म्हणून सगळे त्यांना मास्तरच म्हणत, मंत्रीसुद्धा. काळ जुना होता. सदस्य आपला प्रश्न स्वहस्ते लिहून देत, आणि मंत्र्यांची लेखी उत्तरे चक्रमुद्रित होऊन येत तेव्हा त्या कागदांना ओल्या शाईचा वास असे. काय दिवस होते ते! आता म्हणे पायऱ्यांवर फलक धरून उभे राहिले, फोटो निघाला, की विरोध झाला. असो. म्हातारपणी जीभ अशीच सैल सुटते. गोष्टीकडे वळू या.

त्या वर्षी वैजयंता नावाची एक तरुण सदस्य डोंगरी भागातून प्रथमच निवडून आली होती. तिच्या मतदारसंघात सावरखिंड नावाचे गाव होते. तिथे सरकारी दवाखाना होता, दवाखान्याला पाटी होती, आणि पाटीखाली कुलूप होते. डॉक्टरांची नेमणूक कागदावर होती, पण ते बसत जिल्ह्याच्या गावी. आदल्या वर्षी हौसाबाई नावाच्या म्हातारीची सून, सुमन, बाळंतपणासाठी जीपमधून घाट उतरत असताना अर्ध्या वाटेतच तिचे मूल गेले. आता सुमनला पुन्हा दिवस गेले होते. निवडणुकीत मत मागायला वैजयंता दारी गेली, तेव्हा हौसाबाईने तिचा हात धरून एवढेच म्हटले होते, "बाई, मत देतो. पर औंदा डाक्तर पायजे."

वैजयंताने पहिल्याच अधिवेशनात आरोग्यमंत्र्यांना लेखी प्रश्न पाठवला. विधानसभेतल्या प्रश्नाचा साचा ठरलेला असतो: 'अमुक घडले, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने काय केले?' त्या साच्यात तिने आपला सगळा संताप ओतला. शासनाच्या अक्षम्य बेफिकिरीमुळे, अधिकाऱ्यांच्या संगनमताने, सावरखिंड व परिसरातील सर्व दवाखाने बंद पडून निष्पाप बालकांचे बळी जात आहेत, हे खरे आहे काय? वर्तमानपत्रांनी तो चौकटीत छापला. मतदारसंघात पेढे वाटले गेले.

मग उत्तर आले. पहिल्या भागाला, 'हे खरे नाही.' उरलेल्या सगळ्या भागांना, 'प्रश्न उद्भवत नाही.' झाले. खेळ खलास!

पहिल्या दिवसापासून वैजयंताने मास्तरांना गुरू मानले होते. तो कागद घेऊन ती तरातरा आमदार निवासात त्यांच्या खोलीवर गेली. मास्तर स्टोव्हवर चहा करीत होते.

"मास्तर, हे बघा! धडधडीत खोटं! दाराला कुलूप आहे, आणि हा मनुष्य म्हणतो खरं नाही!"

"बस. साखर किती घालू?"

"मास्तर, मला चहा नको, न्याय हवाय!"

"तो स्टोव्हवर होत नाही गं. चहा होतो, तो तरी घे."

चहा पिता पिता मास्तरांनी तिचा प्रश्न वाचला, पुन्हा वाचला. "तू एकाच दोराला दहा घागरी बांधल्यास," ते म्हणाले. "परिसरातला एखादा दवाखाना चालू असेल ना? मग 'सर्व बंद' हे खोटं ठरलं. बेफिकिरी, संगनमत, याला कोणता मंत्री होय म्हणेल? त्याला पळायला दार तूच ठेवलंस. तो पळाला. मी त्याच्या जागी असतो तर मीही पळालो असतो."

वैजयंताचा चेहरा उतरला. मास्तरांना ते दिसले, पण त्यांनी समजूत घातली नाही. उलट भलतेच विचारले, "त्या डॉक्टरच्या राहत्या खोलीतल्या नळाला पाणी येतं का?"

"नळाला?"

"हो. जाऊन बघून ये. मग नवा प्रश्न लिहू."

आता याला काय म्हणावे! इथे सुमनचे दिवस पुढे सरकताहेत, आणि म्हातारा नळाचे विचारतोय. वैजयंता मनातल्या मनात चरफडली. वय झाले की माणसाची धार जाते, असेही तिला वाटून गेले. पण गुरू मानले होते, गेली.

सावरखिंडीत दवाखान्यामागे डॉक्टरांचे निवासस्थान होते. छपराची कौले उडालेली, आत कोंबड्या नांदत होत्या. नळ होता, पण त्याला पाणी कधी आलेच नव्हते. शेजारच्याने सांगितले, की डॉक्टर प्रथम बिऱ्हाड घेऊन आले होते, आजारी आईसह. घागरी वाहून वाहून थकले आणि वरिष्ठांच्या तोंडी परवानगीने जिल्ह्याला गेले ते गेलेच. ज्या माणसाला वैजयंता मनोमन राक्षस ठरवून बसली होती, त्याची अडचण तिला प्रथमच कळली. त्याने गाव सोडले याचा राग काही गेला नाही. पण आता तिला रागाबरोबर माहितीही होती.

ती परतल्यावर मास्तरांनी तिच्याकडून नवा प्रश्न लिहून घेतला. सावरखिंडीचे वैद्यकीय अधिकारी गावी निवासास आहेत काय? त्यांच्या निवासस्थानाला छप्पर व पाणी आहे काय? गेल्या महिन्यात त्यांनी तेथील दवाखान्यात किती रुग्ण तपासले? एवढेच. एक विशेषण नाही, एक उद्गारचिन्ह नाही.

"मास्तर, यात सरकारवर टीका कुठे आहे? वर्तमानपत्रवाले याला कोपरासुद्धा देणार नाहीत."

"नाही देणार."

"मंत्री हसतील मला."

"हसू दे. सही कर."

तिने सही केली, पण मन काही मानेना. आठवडे गेले. सुमनला नववा लागला. वैजयंताला धड झोप लागेना. रोज सकाळी टपाल बघायची आणि रोज कपाळाला हात लावायची.

आणि एके दिवशी हौसाबाईचा निरोप आला. गावात सरकारी जीप येऊन गेली. मग कौले आली. मग नळवाले आले आणि चर खणू लागले. आणि त्यानंतर, पेट्या, भांडी नि वृद्ध आई यांच्यासह, साक्षात डॉक्टर आले! पंधरवड्यात सुमनची सुटका झाली. बाळ आडवे होते. डॉक्टरांनी ते वळवले, रात्रभर तिच्या उशाशी बसून होते. दोघे सुखरूप.

वैजयंता आनंदाने धावतच सावरखिंडीला गेली. वेशीवर कापडी फलक लावला होता: 'डॉक्टर दिल्याबद्दल माननीय आरोग्यमंत्र्यांचे हार्दिक आभार!' ती जागच्या जागी थिजली. हौसाबाईने नातवाला तिच्या मांडीवर ठेवले आणि मोठ्या मायेने म्हणाली, "मंत्री लई देवमानूस बगा, बाई. तुमी उगाच भांडता त्येच्यासंगं."

मांडीवर ते गुलाबी बाळ, आणि वेशीवर तो फलक. आनंद खरा होता, आणि अपमानही खरा होता. खोटे कशाला बोला?

राजधानीत परतली तर उत्तर येऊन पडलेले. 'वैद्यकीय अधिकारी गावी निवासास आहेत. निवासस्थानाची दुरुस्ती करण्यात आली असून पाणीपुरवठा सुरू आहे.' एवढे वाचूनच ती भडकली आणि मास्तरांकडे गेली.

"आपण विचारलं तेव्हा काहीच नव्हतं! विचारल्यावर धावपळ करून केलं, आणि आता ऐटीत लिहितात, 'आहे'! वर फलक त्यांचाच! मास्तर, कष्ट आपले आणि नाव त्यांचं?"

मास्तर हसू लागले. इतके हसले, की डोळे पुसावे लागले.

"अगं, पुढचं वाच तरी. तिसऱ्या भागाचं उत्तर."

ते तिने पाहिलेच नव्हते. 'प्रश्नात विचारलेल्या महिन्यात सदर दवाखान्यात एकाही रुग्णाची तपासणी झाली नाही, हे खरे आहे.' खाली मंत्र्यांची सही.

मास्तर शांतपणे बोलू लागले. "लेखी प्रश्न मंत्र्याच्या नावे असतो, पण तो मंत्र्यापाशी थांबत नाही, वैजू. मंत्र्याला सावरखिंड कुठे आहे हे ठाऊक नसतं. तो सचिवाला विचारतो, सचिव जिल्ह्याला, जिल्हा तालुक्याला. शेवटी कुणीतरी उठून त्या कुलपापुढे जाऊन उभा राहतो. परत वर जाताना प्रत्येकाला सही करावी लागते, आणि खोट्यावर सही करताना भल्याभल्यांचा हात कापतो. मग त्यांना सोपं काय वाटतं? उत्तर खरं करून टाकणं! तुझ्या पहिल्या प्रश्नात फक्त तुझा राग होता. राग तपासायला कोणी घाट चढत नाही. नळ तपासायला चढावा लागतो."

"आणि फलक?"

"आमच्या वेळी आम्ही सहाजण होतो विरोधात. सगळे गेले, मी तेवढा उरलो. आमच्या प्रश्नांनी झालेल्या शाळा आहेत, विहिरी आहेत. एकावरही आमचं नाव नाही." मास्तरांनी खिडकीकडे पाहिले. "वाईट वाटायचं बरं का. कोण म्हणतो नाही वाटायचं? संध्याकाळी आम्ही याच खोलीत बसून मंत्र्यांना मनसोक्त शिव्या द्यायचो. आणि सकाळी पुढचा प्रश्न लिहायचो."

त्यांचा आवाज ओला झाला होता. वैजयंताने स्टोव्ह पेटवला आणि चहा ठेवला.

पुढच्या अधिवेशनात तिने पुन्हा विचारले, डॉक्टर अद्याप गावी आहेत काय? त्याच्या पुढच्या अधिवेशनातही विचारले. मित्र थट्टा करू लागले, की ताई तेच तेच काय विचारता? ती हसून विचारत राहिली. मास्तर त्या हिवाळ्यात गेले. त्यांची जागा रिकामी झाली, आणि सभागृहात आपण एकदम मोठे झाल्यासारखे तिला वाटले.

एके सकाळी ती विधानभवनाच्या लांब व्हरांड्यातून चालली होती. समोरून आरोग्यमंत्री आले. त्यांनी तिला पाहिले आणि तिने तोंड उघडण्यापूर्वीच हात वर केला. "आहे हो ताई, सावरखिंडीचा डॉक्टर आहे! कालच मी स्वतः फोन लावला. नळालाही पाणी आहे. आणि हो, त्यांच्या आईची तब्येत आता बरी आहे म्हणे."

वैजयंता थबकली. या माणसाची मान खाली गेलेली पाहावी, एवढीच एके काळी तिची इच्छा होती. आज त्याने न विचारता सावरखिंडीकडे पाहिले होते. मास्तरांना हे सांगावे म्हणून ती अभावितपणे वळली, मग भानावर आली. तिचे डोळे भरले.

"धन्यवाद," ती मंत्र्यांना म्हणाली. "आता शेजारच्या गावाचं विचारीन म्हणते."

सत्तेला लाज वाटेल की नाही, हे आपल्या हाती नसते. विचारत राहणे मात्र असते.