हरिणींचा झिरा

मुलांनो, डोंगराच्या कुशीतल्या एका रानात हरणांचा एक कळप नांदत असे. उन्हाळ्यात नदी आटली की हरिणी खुरांनी वाळू उकरून झिरा काढत. झिरा म्हणजे वाळूत पाझरणाऱ्या पाण्याचा लहानसा खड्डा. तो त्याच उपसत आणि त्याच राखत. पळसाखाली कळपाची बैठक भरे, तेव्हा तिथे मात्र फक्त शिंगवाले काळवीट बसत.

एकदा त्या बैठकीत एक रानडुक्कर आले. म्होरक्या काळविटाला म्हणाले, "काय ही शिंगे! असा राजा कुठे पाहिला नाही. आम्हाला तुमच्या झिऱ्यात थोडे लोळू द्या ना."

काळवीट खुलला. "खुशाल लोळा," तो म्हणाला.

हे कळताच एक हरिणी धावत आली. "अहो, आम्हाला एकदा विचारायचे तरी. पिल्ले त्याच पाण्यावर जगतात."

"कळपाचे काय ते आम्ही ठरवतो," काळवीट म्हणाला.

बघता बघता झिऱ्याचा चिखल झाला. हरिणीचे पाडस तहानेने मलूल होऊन पडले. तिने त्याचे कोरडे नाक चाटले, आणि इतर हरिणींना घेऊन ती नदीच्या वरच्या अंगाला गेली. करंजाच्या सावलीत त्या वाळू उकरत राहिल्या. खूर सोलवटले, तेव्हा कुठे पाणी पाझरले. पाडस पाणी प्यायले आणि आईच्या पोटाशी बिलगले.

संध्याकाळी तहानेने व्याकूळ काळवीट आला, पण शरमेने दूरच उभा राहिला.

"याला थेंबही देऊ नका," एक हरिणी पुटपुटली.

पाडसाची आई म्हणाली, "तहानेल्याला परत कसे पाठवायचे? या, प्या. पण यापुढे पाण्याचे काहीही आमच्यावाचून ठरणार नाही."

"चुकलो मी," काळवीट हळूच म्हणाला.

पुढच्या बैठकीत काळवीट सरकून बसले आणि हरिणींना जागा झाली. तेवढ्यात एक रानडुकरीण आली. तिची पिल्ले तहानेने कुईकुई करत होती. म्होरक्याने पाडसाच्या आईकडे पाहिले. "तुम्ही काय म्हणता?"

"पिल्लांना पोटभर पाजा, बाई," हरिणी म्हणाली. "लोळू मात्र देऊ नका."

तात्पर्य : ज्यांचे हात पाणी राखतात, त्यांचा शब्दही त्या पाण्यावर चालला पाहिजे, मग ते सर्वांना पुरते.