राजाचं गुळगुळीत जातं

एक होता राजा, आणि त्याच्या नगरात होतं एक जातं. राजे काय, गोष्टींमधून पैशाला पासरी मिळतात. जातं मात्र तसलं एकच.

पाय आत घे रे शौनक. आणि सगळं पांघरूण स्वतःकडे ओढू नकोस, ठकूला दे थोडं. हं. जातं म्हणजे काय ते ठाऊक आहे ना? दोन दगडी चाकं, एकावर एक. वरच्याला लाकडी खुंटा. खुंटा धरून फिरवायचं, मधल्या तोंडात मूठमूठ दाणे घालायचे, की कडेनं पीठ पडतं भुरुभुरु. तुमच्या मिक्सरसारखं किंचाळत नाही ते, घरघर करतं. आम्ही लहानपणी त्या घरघरीनं जागे व्हायचो आणि त्याच घरघरीनं परत झोपायचो. आईच्या मांडीवर डोकं ठेवलं की मांडी हलायची, आणि वरून आईची ओवी. तसली झोप मला पुन्हा नाही लागली कधी. असो.

तर राजाच्या नगरातलं जातं साधंसुधं नव्हतं, बरं का. चावडीपुढे मांडलेलं, बैलगाडीच्या चाकाएवढं. ओढायला चार-चार बायका लागायच्या. पण मूठभर जोंधळे घातले की आख्ख्या नगराला पुरेल एवढं पीठ पडायचं. देवाचंच देणं ते, त्याला झीज म्हणून नव्हती. त्यामुळे नगरात दुसरं जातंच नव्हतं कुणाकडे. कशाला हवं?

आणि ते बोलायचं. सगळ्यांशी नाही हं. दळताना एखादी बाई त्याला कान लावून बसली, तर हळूच विचारायचं, "का गं, आज गप्प का?" मग ती बाई आपलं सुखदुःख सांगायची, जातं ऐकायचं, आणि पीठ पडत राहायचं.

राजाची आईसुद्धा तिथं दळायला बसायची. राणी असून! दासी म्हणायच्या, "राणीसाहेब, तुम्ही कशाला?" ती म्हणायची, "का? राणीला भाकरी लागत नाही का?" राजा तेव्हा एवढासा, आपल्या ठकूएवढा. तिच्या पदराखाली शिरून बसायचा नि पिठानं पांढरा व्हायचा.

मग दिवस गेले, राजा मोठा झाला, आणि त्याची आई देवाघरी गेली. राजा फार रडला. रडून झाल्यावर त्याच्या मनात आलं, आईच्या जात्याचं काहीतरी करावं, चांगलं मोठं काहीतरी. माणसं प्रेमापोटीच जास्त घोटाळे करतात, बाळांनो.

त्यानं कारागीर बोलावले. वरची पाळ, म्हणजे वरचं दगडी चाक, उचलून बाजूला उभी केली आणि दोन्ही पाळ्या घासायला लावल्या. आधी वाळूनं घासल्या, मग विटकरीनं घासल्या, मग तेल लावून फडक्यानं घासल्या. खालचा दगड असा गुळगुळीत झाला की त्यात तोंड दिसावं. राजा वाकून बघायला गेला आणि चरकला. तो होता आईच्या वळणावर. त्याला वाटलं, आईच बघतेय खालून.

मग झालं, राजा रोज तिथं येऊन बसायला लागला. दवंडी पिटवली, जो कोणी या दगडावर ओरखडा काढील, त्याला वेशीबाहेर काढू.

आणि दळण? बायकांनी वरची पाळ चढवली, दाणे घातले, खुंटा धरून ओढायला लागल्या. तर दाणे आत गेले तसेच बाहेर आले. अख्खेच्या अख्खे! राजानं जात्याला शालू नेसवला. पीठ नाही. मग दुधानं न्हाऊ घातलं. पीठ नाही. मग चौघडा लावला पुढ्यात, दिवसभर. पीठ तर नाहीच, वर सगळ्यांचे कान किटले. शेवटी वरची पाळ पुन्हा उतरवून बाजूला ठेवली. जातं बोलायचंही बंद झालं. लोक जोंधळ्याच्या घुगऱ्या उकडून खायला लागले. पोरं कंटाळली. म्हाताऱ्यांना तर चावेचनात, ती बिचारी नुसती पेज पिऊन वाळत चालली.

आता जरा हौसाची गोष्ट सांगते. हौसा म्हणजे त्याच नगरातल्या राणोजी माळ्याची लेक. आई नव्हती तिला. राणोजी देवळापुढे हार विकायचा. आणि लेकीचे हात कसे, तर सदा ठोकणारे. दार दिसलं की टकटक. हंडा दिसला की टणटण. झोपेतसुद्धा जमिनीवर बोटं आपटायची. फुलांना काय ते सोसतंय? शेवंती हातात घेतली की पाकळ्या खाली नि देठ हातात.

लोक म्हणायचे, "राणोजी, तुझ्या लेकीच्या हाताला काम नाही आणि उसंतही नाही." राणोजी कसनुसा हसायचा. रोज दिवा लावताना देवाला एकच म्हणायचा, "देवा, एवढे पोरीचे हात गप्प कर. माझ्यामागं कोण सांभाळील हिला?" हौसा ऐकायची. तिला आपल्या हातांची लाज वाटायची, फार. पदराखाली लपवायची ती हात. तिथंही ते चुळबुळायचे.

मग राणोजीनं तिला कुंभाराकडे धाडलं. तिनं ओल्या मडक्यावर टिचकी मारली आणि मडकं बसलं. मग साळ्याकडे धाडलं. मागावर ठोकठोक केलीन्, सूत तुटलं, साळ्याची बायको तुटून पडली ते वेगळंच. शेवटी धाडलं डोंगरावर, मायाप्पा धनगराकडे. म्हटलं, तिथं मोडायला आहे काय?

डोंगरावर हौसा दगडावर दगड ठोकत बसायची. कुठला दगड बद्द वाजतो, कुठला खणखणतो, तिला ऐकूनच कळायला लागलं. पण मेंढरं बिचकायची, चौखूर उधळायची. मायाप्पा दिवसभर काठी घेऊन त्यांच्यामागं.

एके दिवशी काय झालं, मायाप्पानं मेंढरांना चाटायला एका सपाट खडकावर मीठ टाकलं. वारा आला, मीठ गेलं. पुन्हा टाकलं, पुन्हा घसरलं. हौसा बघत होती. तिनं कोकरू बांधायची लोखंडी मेख घेतली, हातात एक गोटा घेतला आणि खडकावर ठोकत सुटली. टक, टक, टक. बारीक बारीक खड्डे पाडले सगळीकडे. मग मीठ टाकलं, ते राहिलं की खड्ड्यांतून! मेंढरं आली नि चाटायला लागली.

मायाप्पानं तोंडात बोट घातलं. म्हणाला, "पोरी, हे ब्येस केलंस. ही मेख तुलाच घे. पर आता खाली जा बाई. माजी निम्मी मेंढरं त्या डोंगराला गेल्याती."

मग हौसा मेख कमरेला खोचून घरी आली. बघते तर राणोजी, तिचे आबा, अंथरुणाला टेकलेले. हाडं वर आलेली. दात नव्हते ना त्यांना! म्हणाले, "हौसा, कढत भाकरी दुधात कुस्करून खावी वाटती गं. येवढीशीच." नगरात चिमूटभर पीठ नव्हतं, आणि आसपासच्या गावांतली जातीही झिजून गुळगुळीत झालेली. भाकरी मिळाली नाही तर आबा काही राहत नाहीत, हे तिला कळून चुकलं.

मग ती गेली जात्यापाशी. गेली तशी बोटं आपोआप ठोकायला लागली. टकटक. तर आतून आवाज आला, अगदी खोल, "कोण गं?"

हौसा घाबरून पळाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली नि पुन्हा ठोकलं. जातं म्हणालं, "काही धरवतच नाही गं मला. सगळं घसरून जातं." ती पुन्हा पळाली. घरी आबांना पेज पाजली, ती ओठांतून बाहेर आली. मग तिसऱ्या दिवशी भल्या पहाटे ती आली. जातं म्हणालं, "तुझ्या हाताला ठोकायचंय ना? मग ठोक की!"

हौसाला तो खडक आठवला, ते मीठ आठवलं. आणि दवंडीही आठवली, बरं का. वेशीबाहेर काढलं तर आबांना कोण बघणार? पण इथं राहून तरी काय घालणार होती ती आबांच्या तोंडात? तिनं कमरेची मेख काढली, गोटा उचलला आणि राजाच्या त्या चकचकीत दगडावर पहिला घाव घातला.

टक.

आपल्यात म्हणतात ना, टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही. अगं, देवपण राहू दे, साधं पीठसुद्धा येत नाही!

हौसा ठोकत होती. एवढी वर्षं उगाच इकडेतिकडे आपटणारे तिचे हात, पण आता एकही घाव वाकडा जाईना. खड्ड्याशेजारी खड्डा, ओळीनं. तिलाच नवल वाटलं. निम्मा दगड झाला नि शिपायांनी तिला धरलं.

राजा आला धावत, अनवाणी. दगडात बघितलं. अर्ध्या दगडात तोंड दिसत होतं, आणि अर्ध्यात नुसते खड्डे, देवीच्या वणांसारखे. राजा ओरडला नाही, बरं का. अगदी हळू म्हणाला, "काय केलंस हे मुली? माझी आई होती त्यात."

हौसा एवढंच म्हणाली, "महाराज, माजा बाप उपाशी हाय."

राजा खाली बसला. किती बिघडलंय ते बघायला त्यानं दगडावर हात ठेवला, त्या खड्ड्यांवरून फिरवला. मग थांबला. मग पुन्हा फिरवला. मग काय केलं असेल? एवढा मोठा राजा, सगळ्यांदेखत खाली वाकला आणि त्यानं त्या खरखरीत दगडावर गाल ठेवला.

दळून दळून हाताला घट्टे पडतात बाळांनो. त्याच्या आईच्या हातालाही होते. ती गालावरून हात फिरवायची तेव्हा तो म्हणायचा, "आई, टोचतंय." गुळगुळीत दगडात बघून बघून तो हे विसरूनच गेला होता. आता गालाला टोचलं आणि त्याला आई सापडली.

मग राजा उठला, डोळे पुसले आणि शिपायांना म्हणाला, "सोडा तिला." आणि हौसाला म्हणाला, "निम्मं राहिलंय. पुरं कर."

मग हौसानं खालची पाळ पुरी केली, वरची केली. राजानं स्वतः पाळ चढवायला हात लावला. बायका खुंट्याला भिडल्या. मूठ घातली, आणि जातं घरघरलं! पीठ पडायला लागलं. बायका रडताहेत नि ओव्या म्हणताहेत. सुरात कुणीच नव्हतं.

नव्यानं ठोकलेल्या जात्याचं पहिलं पीठ खात नाहीत, त्यात दगडाची कच असते. पण राजाला धीर कुठला? त्यानं त्याचीच भाकरी भाजायला लावली नि कचकच करत खाल्ली. आबांना मात्र दुसऱ्या दळणाची, मऊ, दुधात कुस्करलेली. हौसानं घास भरवला. आबांनी तो गिळला, तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "पोरी, मी रोज देवाला म्हणत हुतो, हिचे हात गप कर. लई बरं झालं, देवानं माजं ऐकलं न्हाई."

त्या दिवसापासून हौसानं हात कधी पदराखाली लपवले नाहीत.

राजानं तिला वाड्यावर राहायला बोलावलं. ती म्हणाली, "इथलं काम झालं, महाराज." आसपासच्या गावांत साधी जाती होती, घराघरात. वापरून वापरून गुळगुळीत व्हायची नि लोक ती उकिरड्यावर टाकायचे. मग आबा हिंडतेफिरते झाल्यावर हौसा निघाली गावोगाव, ओरडत, "जात्याला टाकीऽऽ! टाकी लावायची का जात्यालाऽऽ!" संध्याकाळी घरी यायची, आबांना भाकरी करून घालायची.

माझ्या माहेरी यायच्या गं अशा टाकीवाल्या. त्यांनी हाळी घातली की आई जातं अंगणात मांडून द्यायची. टक टक टक, आणि उन्हात दगडाची बारीक पूड उडायची. मी समोर डोळे मिचकावत बसायची, जेवायला हाका मारल्या तरी उठायची नाही. आता त्या बायका नाहीत आणि ती हाळीही नाही. जातं आहे आपलं, गॅलरीत. तुमच्या आईनं त्यावर कोरफडीची कुंडी ठेवलीय. ठेवू दे. पण मला तो आवाज फार आठवतो.

मला कुणी कधी विचारलं नाही, तुला काय व्हायचंय म्हणून. लग्न झालं, रांधलं, वाढलं, उष्टी काढली. वाईट नाही केलं काही. पण मनात यायचं, हे सगळं ठीक, यात माझं असं काय? मग एकदा तुमचा बाबा तापानं फणफणला होता. एवढासा होता. काही केल्या रडं थांबेना. मला दुसरं काही सुचेना, म्हणून म्हटलं, एक होता राजा. तर तो रडायचा थांबला. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मग?"

तेव्हा कळलं मला.

ठकू झोपलीसुद्धा. तू काय डोळे टक्क उघडे ठेवून बघतोयस रे? राजा जेवला, आबा जेवले, हौसा पुढच्या गावाला पोचली. सगळी आपापल्या जागी सुखात आहेत. आता मग नाही न् बिग नाही. मीट डोळे.