गोधडीच्या चार कोपऱ्यांची कहाणी

ऐक नीजमाये, तुझी कहाणी. बायांनो, जांभया आवरा. कहाणी झोपेची असली तरी ऐकायची जागेपणीच.

आटपाट नगराच्या कडेला एक घर होतं. घरात सासू होती, येसू नावाची सून होती. येसूला दिवस गेले. मग तिनं बाळासाठी गोधडी शिवायला घेतली. वर ठिगळं लावली, खाली लुगडं अंथरलं. सासू म्हणाली, "येसू, खालचं लुगडं चारी अंगांनी चार बोटं वाढतं ठेव. तेच वर मुडपून शिवायचं. कोपऱ्यात नीजमाय बसते, तिचा वसा आहे." येसूनं हूं म्हटलं. पण वाढतं कापड तिच्या डोळ्यांत खुपलं. तिनं ते साफ कातरलं आणि कडेला बाजारची जरी लावली. गोधडी मोठी झोकात दिसली. सासू आपल्या कामाला लागली. ऐकायचंच नाही त्याला किती सांगावं?

मग लेक झाली. पण लेकीला नीज येईना. पहिल्या दिवशी रडली, दुसऱ्या दिवशी रडली, तिसऱ्या दिवशी रडायचंही त्राण उरलं नाही. दूध पिईना, डोळे नुसते टक्क उघडे. पोर हातची जाते की काय, म्हणून येसू तिला सासूपाशी ठेवून भर दुपारी अनवाणी नीज शोधायला निघाली.

विहिरीला पुसलं, "माझ्या लेकीची नीज पाहिलीस?" विहीर म्हणाली, "पाण्यावर हलली, पुढं गेली." वडाला पुसलं. वड म्हणाला, "सावलीत टेकली, पुढं गेली." मग कापसाचं रान लागलं. तिथं एक म्हातारी अर्धे डोळे मिटून बसली होती.

"आजी, माझ्या लेकीची नीज पाहिलीस?"

"मीच ती. तीनदा तुझ्या दारी आले. गोधडीला मुडपलेला कोपराच नाही, जरी अंगाला बोचते. मी बसू कुठं?"

येसू पाया पडली. "माय, कापड कमी नव्हतं, माझाच तोरा जास्त होता. काय करू सांग."

"जरी उसव. खाली नवं लुगडं लाव, चार बोटं वाढतं ठेव. आधी कोपऱ्याचं टोक आत घाल, मग दोन्ही कडा त्यावर मुडप. बारीक टाका घाल. घाई करू नको."

येसूची लुगडी दोनच, एक अंगावर, एक वलणीवर. घरी येऊन जरी उसवली, वलणीवरचं ओढलं, शिवायला बसली. पहिला कोपरा मुडपला, लेक प्यायली. दुसरा मुडपला, लेकीची मूठ सुटली. तिसरा मुडपला, पापण्या जडावल्या. चौथ्याला हात घातला, तों येसूचीच मान कलली. किती दिवसांची जागी होती बिचारी. सासूनं तिच्या बोटांतली सुई हळूच काढली, चौथा कोपरा आपण शिवला, आणि मायलेकींवर एकच गोधडी घातली.

येसूच्या घरी नीजमाय बसली, तशी तुमच्या आमच्या घरी बसो. साठां उत्तरांची ही कहाणी पांचा उत्तरीं मुडपली, सुफळ झाली. आता हळू उठा बायांनो, पोरं निजलीत.