न मोजलेले कण

एकदा एका डोंगराच्या पोटात, वापरात नसलेल्या बोगद्यात, काही शास्त्रज्ञांनी एक प्रयोग मांडला होता. आकाशातून येणारे अतिसूक्ष्म कण शेकडो हात खडक भेदून खाली येत आणि तिथे रचलेल्या नळ्यांच्या थरांतून आरपार जात. एवढा खडक भेदणारे कण थोडेच, म्हणून प्रत्येकाचे मोल मोठे. नळ्या सोळा इलेक्ट्रॉनिक बोर्डांना जोडलेल्या होत्या. कण आला की कोणकोणत्या बोर्डांवरून तो गेला याची वर्दी आधी येई, मग ते बोर्ड आपापला तुकडा पाठवत, आणि एक प्रोग्रॅम ते तुकडे जुळवून त्या कणाची पूर्ण वाट लिहून ठेवी. पुढे वर्षानुवर्षे अभ्यास व्हायचा तो या लिहिलेल्या वाटांचा. ज्याची वाट लिहिली गेली नाही, तो कण शास्त्रज्ञांच्या लेखी आलाच नाही.

हा प्रोग्रॅम एका विद्यार्थिनीने चार वर्षे खपून लिहिला होता. या कामाला यश नावाची गोष्ट फारशी नसते. शोध लागला तर टाळ्या शोधाला. प्रोग्रॅम नीट चालला तर त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही, आणि अडला की सगळे हिच्याकडे बघतात. तो तीनदा पाडून पुन्हा उभारताना तिच्या नाकी नऊ आले होते. आता तिला नवे काही नको होते, हे संपावे एवढेच हवे होते. येत्या सोमवारी समिती बसणार होती. समितीने होकार दिला की वर्षभराची मुख्य मोजणी सुरू होणार, प्रोग्रॅमवरच्या तिच्या प्रबंधाचा शेवटचा अध्याय तेवढ्याने पुरा होणार, आणि तीन महिन्यांनी संपणाऱ्या विद्यापीठाच्या नोंदणीच्या आत तिची सुटका होणार. त्याआधी तिच्या वृद्ध गुरूंनी एकदा सारे डोळ्यांखालून घालावे, एवढीच समितीची अट होती.

गुरू केव्हाच निवृत्त झाले होते आणि त्यांचे गुडघे कुरकुरत. तरी ते सकाळी दहा वाजता बोगदा चालत आले, खुर्चीत बसले आणि बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. सोळा हिरवे चौकोन होते, वीज पोचलेल्या प्रत्येक बोर्डामागे एक. खाली लिहिले होते : चालू दिवस एकोणीस, गळती शून्य.

‘‘एकोणीस दिवसांत एकही कण निसटला नाही?’’ त्यांनी विचारले.

‘‘एकही नाही सर.’’

गुरू उठले, सावकाश कपाटापाशी गेले आणि त्यांनी सातव्या बोर्डाची, तुकडे वाहून नेणारी केबल उपसून हातात घेतली.

‘‘सर! अहो, चाचणीचा रन चालू आहे!’’ ती खुर्चीतून उडालीच.

‘‘ठाऊक आहे. तू माझ्याकडे नको, पडद्याकडे बघ.’’

तिने पाहिले. एक मिनिट गेले, पाच गेली. सोळाही चौकोन हिरवेच होते. दर मिनिटाला लिहिल्या जाणाऱ्या वाटांचा आकडा थोडा उतरला होता, पण तो तसाही वरखाली होतच असे. खाली अजून लिहिलेले होते : गळती शून्य.

तिने घाईने प्रोग्रॅम उघडला. कारण तिला आता आपणच लिहिलेली एक ओळ आठवली. पहिल्या वर्षी एखाद्या बोर्डाचा तुकडा यायला उशीर होई, प्रोग्रॅम त्याची वाट बघत थांबे आणि सगळेच काम तुंबे. प्रयोग बघायला पाहुणे दुसऱ्या दिवशी येणार होते. तेव्हा तिने एक ओळ लिहिली : तुकडा वेळेत आला नाही तर तो कणच टाकून द्यावा आणि पुढे जावे. शेजारी स्वतःसाठी टीप लिहिली होती, ‘तात्पुरते. टाकलेले किती ते मोजणे, नंतर.’ प्रोग्रॅम तीनदा नव्याने उभारला तरी ती ओळ जशीच्या तशी उचलली गेली, आणि ते नंतर काही उगवले नाही. गळतीचा आकडा मोजत होता तो लिहिताना हरवलेल्या वाटा. लिहिण्याआधीच टाकून दिलेल्यांचा त्यात पत्ताच नव्हता.

‘‘मी खोटं नाही केलं, सर,’’ ती म्हणाली.

‘‘मला माहीत आहे.’’

‘‘मग सोमवार होऊ द्या ना. नंतर दुरुस्त करते, शपथ. मी फार दमलेय हो सर. आता आणखी होत नाही माझ्याच्यानं.’’ आणि तिला रडू आले.

गुरूंनी केबल परत जोडली. रागावायलाही अंगात जोर लागतो, तो त्यांच्यात उरला नव्हता, आणि खरे तर राग आलाही नव्हता.

‘‘अगं, कण निसटतातच,’’ ते म्हणाले. ‘‘माणसासारखा यंत्रालाही दम घ्यावा लागतो. शंभरातले दहा मला धरता आले नाहीत असं जे यंत्र सांगतं, त्याच्या नव्वदावर भरवसा ठेवून पुढचं गणित करता येतं. ज्याने शून्य लिहिलं त्याच्या आकड्याचं काय करायचं? शिवाय निसटतात ते सरसकट निसटत नाहीत. तिरका कण जास्त बोर्ड ओलांडतो, म्हणून त्याचा एखादा तुकडा हमखास मागे राहतो आणि तोच जास्त फेकला जातो. मग आपण जगाला सांगतो की तिरके कण कमी येतात. चूक आपली, आणि ती आपण निसर्गाच्या तोंडी घालतो.’’

तिने डोळे पुसले. मग तिने विचारले, ‘‘तुम्हाला कसं कळलं?’’

‘‘माझ्या प्रोग्रॅममध्येही अशी एक ओळ होती. आम्ही छापलं, तिरके कण कमी आहेत म्हणून. सहा वर्षांनी ते मागे घेतलं. तोवर दोघांनी त्यावर प्रबंध लिहिले होते. त्यातला एक अजून माझ्याशी बोलत नाही.’’ ते पुन्हा खुर्चीत बसले. ‘‘मीही तेव्हा दमलो होतो गं. केबल उपसून दाखवायला कोणी आलं नाही. सोमवारी समितीने हो म्हणावं की नाही, ते मी सांगणार नाही. तू सांग.’’

झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो आणि संसारात ते खपूनही जाते. ज्ञानाच्या दारात मूठ उघडावीच लागते, आणि ती बहुधा दमलेल्या माणसालाच उघडावी लागते, कारण ताजातवाना माणूस मूठ झाकायच्या फंदात सहसा पडत नाही.

तिने मोजणारी ओळ घातली. आठ शब्दांची ओळ, चार वर्षे राहून गेलेली. रविवारी आकडा आला : शंभरातले अकरा कण निसटत होते, आणि तिरक्यांमधले तीस.

सोमवारी समितीपुढे तिने दुसरे काही बोलण्याआधी हेच आकडे सांगितले. अध्यक्षांनी चष्मा काढला. ‘‘गेल्या महिन्याच्या अहवालात तर शून्य होतं.’’

‘‘शून्य नव्हतं, सर. मी मोजत नव्हते.’’

मुख्य मोजणी पाच महिने पुढे गेली. एकोणीस दिवसांचे काम बाजूला ठेवावे लागले. नोंदणीच्या मुदतवाढीचा अर्ज तिने तिथेच बसून लिहिला आणि गुरूंनी त्यावर शिफारस म्हणून सही केली. ‘‘मंजूर होईल ना?’’ तिने विचारले.

‘‘सांगता येत नाही,’’ गुरू म्हणाले.

तिने मान हलवली. त्या दुपारी ती खोलीवर जाऊन झोपली, आणि चार वर्षांत प्रथमच मधे उठून पडदा बघायला गेली नाही.