वाटीतलं विरजण

फार मागे, स्वयंपाकघरातली भांडीकुंडी आपसांत बोलायची, तेव्हाची गोष्ट. गोदूकाकूंच्या वाटीत चमचाभर विरजण होतं. पंगतीत दह्याची वाहवा झाली, की ते फुगायचं. "दूध काय, घरोघरी असतं. दही होतं ते माझ्यामुळे."

"खरंय," मडकं म्हणालं. "पण दूध कोमट करणारी चूल, ऊब धरणारं फडकं, त्यांचं काय?"

"मला कुणाची गरज नाही."

त्या सकाळी काकूंनी घाईत वाटी मडक्यात उलटी केली, तर विरजण हट्टानं तळाला चिकटून बसलं. दुपारपर्यंत मडक्यात दूध ते दूधच राहिलं आणि वाटीत विरजण एकटंच आंबत गेलं.

"माझा वास येतोय का?" त्यानं हळूच विचारलं.

"थोडासा. ये आता, दूध वाट बघतंय."

काकूंनी दूध पुन्हा कोमट करून विरजण खरवडून घातलं. दुसऱ्या दिवशी घट्ट, गोड दही लागलं. आपण कुठे संपतो आणि दूध कुठे सुरू होतं, हे विरजणाला कळेना, पण बरं वाटत होतं.

काकूंनी चमचाभर दही काढून वाटीत ठेवलं.

"या, विरजणराव," मडकं म्हणालं.

वाटीतून लाजरा आवाज आला, "अहो, कालपर्यंत मला सगळे दूध म्हणायचे."